माझ्या दिवसाच्या मापाचे वेळापत्रक

फोर्टमधल्या एका प्रकाशन संस्थेत मी ९ वर्षे मुद्रितशोधनाचे काम केले. डोंबिवलीहूनच सुटणारी सकाळची जलद लोकल पकडली, की खिडकी नाही तरी चौथी सीट मिळे, आणि ठाणे येण्याच्या आत पर्समधून मुद्रिते बाहेर निघत. ठाणे ते घाटकोपर दोन पाने, घाटकोपर ते दादर आणखी तीन, भायखळा मागे पडले की पेनाला टोपण, असा हिशेब अंगवळणी पडला होता आणि तो कोणी शिकवल्याचे मला आठवत नाही. अर्धे राहिलेले पान संध्याकाळच्या गाडीत पुरे होई. त्या काळात कोणी विचारले असते, की तू वेळेचे नियोजन कसे करतेस, तर मला प्रश्नच कळला नसता. माझे नियोजन मध्य रेल्वे करत होती.

मार्च २०२० मध्ये लोकल थांबल्या. पुढच्या वर्षी मी नोकरी सोडली आणि घरी बसून इंग्रजीतून मराठीत भाषांतराची कामे घेऊ लागले. विम्याची कागदपत्रे, आरोग्यविषयक पुस्तिका, मधूनच एखादे बालसाहित्याचे पुस्तक असे त्यांचे स्वरूप होते. जाण्यायेण्याचे रोजचे जवळजवळ ३ तास वाचले, म्हणजे आता कामाचा ढीग उपसला जाणार, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिल्या सहा महिन्यांत एकही काम मी ठरल्या तारखेला दिले नाही. दिवसभर संगणकासमोर बसलेली असे, संध्याकाळी पाठ दुखे, आणि शब्द मोजले की हजारसुद्धा भरत नसत.

मी शिस्तीत कमी पडते आहे, असा निष्कर्ष काढून शिस्त शिकवणाऱ्या पद्धतींच्या मागे लागले. एक पद्धत आठवडाभर करायची, जमली नाही की स्वतःला बोल लावायचा आणि पुढच्या सोमवारी दुसरी धरायची, असे वर्षभर चालले. त्या वर्षाचा उपयोग झाला नाही असे म्हणणार नाही, परंतु तो मला वाटला होता त्या मार्गाने झाला नाही.

पहिला प्रयोग अर्थातच पहाटे पाचला उठण्याचा होता. आपल्याकडे या सल्ल्याला ब्राह्ममुहूर्ताचे पाठबळ असल्यामुळे त्याच्याविषयी शंका घेणेही जरा अधार्मिक वाटते. मी १९ दिवस उठले. आमच्याकडे पाणी सव्वासहाला येते आणि साडेसातला जाते, म्हणजे पाचला उठून, चूळ भरून, चहा घेऊन बसले तरी हाताशी तास-सव्वा तासच उरे. त्या तासात केलेले भाषांतर दुपारी वाचायला घेतले, की निम्मी वाक्ये पुन्हा लिहावी लागत. जेम्स हॉर्न आणि ओलोव्ह ओस्टबर्ग या दोन संशोधकांनी १९७६ मध्ये १९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली होती. माणूस सकाळचा आहे, रात्रीचा आहे की मधला, हे तिच्यावरून ठरवतात आणि आजही ती वापरात आहे. ती मी प्रामाणिकपणे सोडवली तेव्हा मी मधल्या गटात, पण रात्रीकडे झुकलेली निघाले. माझ्या सासूबाई मात्र प्रश्नावलीविना सकाळच्या आहेत. त्या साडेचारला उठून सहापर्यंत देवपूजा आणि निम्मा स्वयंपाक आटोपतात, आणि रात्री नऊनंतर त्यांना विचारलेल्या कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असते. एकाच घरात दोन घड्याळे असू शकतात, हे मला त्यांच्याकडे पाहूनच पटायला हवे होते.

दुसरा प्रयोग पोमोदोरोचा, आणि त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण मला जे काही शिकायला मिळाले त्यातले बरेचसे या पद्धतीच्या अपयशातून मिळाले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा एक विद्यार्थी अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे गजराचे घड्याळ घेऊन बसला, आणि त्यातूनच पुढे ही पद्धत झाली. इटालियन भाषेत टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच तिचे नाव. २५ मिनिटे काम, ५ मिनिटे विश्रांती, अशा चार फेऱ्या झाल्या की जरा मोठी विश्रांती, एवढे सगळ्यांना ठाऊक असते. त्या २५ मिनिटांचे तुकडे करायचे नाहीत, मध्ये खंड पडला तर ती फेरी बाद समजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची, हा नियम मात्र पुष्कळांना ठाऊक नसतो. मी तो वाचला होता आणि प्रामाणिकपणे पाळतही होते, त्यामुळे पहिल्या दिवशी सकाळी नऊ ते एक या वेळात माझ्या अवघ्या दोन फेऱ्या पूर्ण झाल्या. कुरियरवाला आला, फेरी बाद. कामवाल्या मावशींनी फरशी पुसायला खुर्ची हलवायला सांगितली, फेरी बाद. गजर वाजला की सासूबाई आतून विचारत, “अगं, कुकर झाला का?” आणि मी “नाही आई, माझा गजर आहे” म्हटले की त्या म्हणत, “मग चहा टाकते.” चहा म्हटला की पाच मिनिटांची वीस होतात. त्या चहाविरुद्ध माझी तक्रार नाही.

दारावरची घंटा वाजली नाही अशा दिवशीही भाषांतराचे काम त्या २५ मिनिटांत बसेना. विमा पॉलिसीतले एखादे कलम दीडशे शब्दांच्या एकाच वाक्यात लिहिलेले असते. ते वाचायचे, त्यातल्या अटी एकीत एक कशा अडकल्या आहेत ते उलगडायचे, मराठीत त्याची तीन वाक्ये करायची की चार हे ठरवायचे, आणि आधीच्या पानावर ‘दावेदार’ लिहिले होते की ‘दावाकर्ता’ हे आठवायचे. एवढी जुळवाजुळव डोक्यात होईपर्यंत १५ मिनिटे जातात आणि हात चालू लागला की गजर वाजतो. एका कामातून दुसऱ्याकडे वळताना आपले लक्ष पहिल्या कामातच काही अंशी रेंगाळत राहते, असे सोफी लेरॉय यांनी २००९ मधल्या आपल्या अभ्यासात दाखवले आहे. माझ्या बाबतीत ते लक्ष स्वयंपाकघरापर्यंत माझ्यामागोमाग येई आणि परतताना तिथेच राही.

ही पद्धत सोडून देण्याच्या बेतात असताना एक काम आले, ते होते २०० पानांच्या एका पुस्तिकेचे मुद्रितशोधन. सवयीने गजर लावला आणि चारही फेऱ्या सुरळीत पार पडल्या. दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. विचार केल्यावर कारण उघड होते. मुद्रिते तपासताना डोळा २५-३० मिनिटांनंतर अक्षरे पाहायचे सोडून अर्थ वाचू लागतो, आणि मग ‘परिणाम’च्या जागी छापलेले ‘परिमाण’ सहज निसटते. तेथे थांबणे आवश्यकच असते. शिवाय मध्येच कोणी हाक मारली तरी पेन्सिलीने समासात खूण करून उठता येते, डोक्यातली जुळवाजुळव विस्कटत नाही. घाटकोपर ते दादर हा माझा जुना पोमोदोरोच होता, फक्त त्याला टोमॅटोचा आकार नव्हता. मी ९ वर्षे जे काम तुकड्यांत करत होते ते तुकड्यांत होण्यासारखे होते, आणि आता जे करते आहे ते तसे नाही, ही साधी गोष्ट लक्षात यायला मला एवढा काळ लागला.

त्यानंतर मी पद्धतींकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले. प्रत्येक पद्धत कोणाच्या तरी विशिष्ट दिवसातून निघालेली असते, आणि आपला दिवस त्या माणसाच्या दिवसाशी जितका जुळतो तितकीच ती आपल्याला लागू पडते. चिरिल्लो विद्यार्थी होता, समोर पुस्तक होते आणि दार उघडायला जाण्याची जबाबदारी बहुधा त्याच्यावर नव्हती. आयझेनहॉवर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, कामे तातडीची आहेत का आणि महत्त्वाची आहेत का यावरून वाटणाऱ्या चार चौकटींचेही तसेच आहे. ऑगस्ट १९५४ मध्ये अमेरिकेतल्या इव्हॅन्स्टन येथील एका भाषणात त्यांनी तातडीचे आणि महत्त्वाचे प्रश्न यांतला भेद सांगितला होता, तोही एका माजी महाविद्यालयीन अध्यक्षांच्या हवाल्याने, आणि त्याच्या चौकटी पुढे इतरांनी आखल्या. त्यातली तिसरी चौकट सांगते, की जे तातडीचे आहे पण महत्त्वाचे नाही ते दुसऱ्याकडे सोपवा. दुसऱ्या महायुद्धात सरसेनापती आणि नंतर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या गृहस्थांच्या नावावर हा सल्ला शोभतो. गॅसचा सिलिंडर आला, तर मी तो कोणाकडे सोपवावा? आमच्याकडे ‘दुसऱ्याकडे’ म्हणजे ७४ वर्षांच्या सासूबाईंकडे किंवा रात्री आठला घरी येणाऱ्या नवऱ्याकडे. ती चौकट मी दोनदा आखली, दोन्ही वेळा रिकामी राहिली, आणि तिसऱ्यांदा आखली नाही.

चिरिल्लोच्या पद्धतीतला एक भाग मात्र मी ठेवून घेतला, आणि आश्चर्य म्हणजे तो गजराशी संबंधित नाही. काम करताना जेव्हा जेव्हा लक्ष मोडते तेव्हा कागदावर खूण करायची असे तो सांगतो. बाहेरून कोणी व्यत्यय आणला तर आडवी रेघ, आणि आपण आपणच उठलो किंवा भरकटलो तर वर एक स्वल्पविरामासारखी खूण. मी दोन आठवडे फक्त या खुणा केल्या, कोणतीही पद्धत पाळली नाही, वेळापत्रक आखले नाही. घरातल्यांमुळे माझे काम होत नाही याविषयी मला तोवर तिळमात्र शंका नव्हती, इतकी की नवऱ्याशी त्यावरून दोनदा वादही झाला होता. दोन आठवड्यांनी मोजले तेव्हा आडव्या रेघा ५८ आणि स्वल्पविराम १३१ होते.

स्वल्पविरामांतले काही फोनचे होते, ते अपेक्षितच होते. पण मोठा वाटा निघाला तो शब्दकोशांचा. एक शब्द पाहायला शब्दकोश उघडायचा, शेजारच्या नोंदीवर नजर जायची, तिथून व्युत्पत्तीकोशात, तिथून कुठल्याशा बखरीतल्या वापराकडे, आणि अर्ध्या तासाने परत यावे तर मूळ वाक्य अनोळखी झालेले असायचे. मला ते कामच वाटत असल्यामुळे त्याची कधी नोंदच झाली नव्हती. आता पहिला खर्डा करताना अडलेल्या शब्दाला मी पिवळा रंग देते आणि पुढे जाते, आणि सगळे पिवळे शब्द दुपारी जेवणानंतर एकत्र पाहते, जेव्हा भरकटले तरी बिघडत नाही. एवढ्या एका बदलाने जितका वेळ हाती आला तितका कोणत्याही गजराने आला नव्हता.

रेघांविषयीही एक गोष्ट दिसली. ५८ पैकी बहुतेक सकाळी साडेदहा ते बाराच्या दरम्यानच्या होत्या. मावशी, भाजीवाला, कुरियर, सोसायटीचा सफाई कामगार, सगळ्यांची वर्दळ त्या दीड तासात असते, आणि मी खर्डा लिहायला नेमकी तीच वेळ धरली होती, कारण नोकरीत असताना ‘काम’ म्हणजे अकरा वाजता सुरू होणारी गोष्ट होती. आता खर्ड्यासाठी पावणेआठ ते सव्वादहा आणि पुन्हा रात्री नऊ ते साडेदहा असे दोन सलग पट्टे ठेवले आहेत. साडेदहा ते बारा मुद्रिते, पत्रोत्तरे, बिले, म्हणजे जे मोडले तरी जोडता येते ते. सासूबाईंना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे सव्वादहानंतर तुझ्याशी बोलायचं. एवढंच सांगायचं ना मग!” मी वर्षभर न सांगता त्यांच्यावर चिडत होते, ही चूक अर्थातच माझ्या खात्यावर आहे.

अंदाजाचा प्रश्न यानंतरही उरला होता. १८,००० शब्दांचे एक काम मी ९ दिवसांत देते म्हणाले होते आणि त्याला १५ दिवस लागले. अशी माझी एकटीचीच गत नाही, हे वाचून थोडा धीर आला. डॅनिएल कानेमन आणि आमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकातच या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले होते, आणि १९९४ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी आपल्या प्रबंधाच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या विद्यार्थ्यांना तो कधी पुरा होईल हे विचारले. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा निघाला, प्रत्यक्षात सरासरी साडेपंचावन्न दिवस लागले. ‘सगळे शक्य तितके वाईट घडले तर किती दिवस लागतील’ या प्रश्नाचे सरासरी उत्तरसुद्धा साडेअठ्ठेचाळीसच्या आसपास होते, म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही वास्तवापेक्षा आशावादी ठरली. यावर एकच उतारा मला लागू पडला. पुढचे काम कसे होईल याची कल्पना करायची नाही, मागचे तसलेच काम कसे झाले ते वहीत पाहायचे. माझी वही सांगते, की विम्याच्या किंवा कायद्याच्या मजकुराचे तासाला २८० ते ३०० शब्द होतात, मुलांच्या गोष्टीचे त्याहून कमी, कारण तिथे प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचून पाहावे लागते. आणि खर्ड्याला लागतील असे सलग तास माझ्या दिवसात ४ असतात, ८ नव्हे. हा दुसरा आकडा मान्य करायला मला सर्वांत जड गेले. आठवड्याला पाच दिवस धरले तर ६,००० शब्दांच्या आतबाहेर होतात, म्हणजे १८,००० शब्दांना ३ आठवडे लागणार. आता मी ते तसेच सांगते. त्यामुळे दोन कामे दुसरीकडे गेली, आणि जी राहिली ती वेळेवर गेली.

मुदत लांबवून मागितली की कामही लांबते, असा आक्षेप यावर घेतला जातो. सिरिल नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये ‘दि इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहिलेल्या लेखाची सुरुवातच ‘हाताशी जितका वेळ असेल तितके काम फुगते’ या नियमाने होते, आणि पुतणीला एक पोस्टकार्ड पाठवण्यात अख्खा दिवस घालवणाऱ्या निवांत आजीबाईंचे उदाहरण त्यात आहे. त्यांचा रोख मुळात सरकारी खात्यांच्या वाढीवर होता आणि लेख निम्मा गमतीचा होता, तरी नियमात तथ्य आहे. माझ्यापुरता मी त्यावर उपाय केला तो असा, की ३ आठवड्यांची मुदत असली तरी ती माझ्या डोळ्यांसमोर नसते, त्या दिवशीचे १,२०० शब्द तेवढे असतात. ते लवकर झाले तर रात्रीचा उरलेला वेळ मोकळा मिळतो. हे आमिष मला मुदतीच्या भीतीपेक्षा चांगले चालते.

ॲपविषयी थोडक्यात. तीन वापरून पाहिली. कामांना रंग दिले, उपकामे केली, सूचना लावल्या, आणि एके दिवशी लक्षात आले, की रविवारचा दीड तास मी कामांच्या यादीची झाडलोट करण्यात घालवते. ज्यांची कामे दहा जणांमध्ये वाटलेली असतात त्यांना अशा साधनांवाचून गत्यंतर नसेल, माझ्या कामात मी एकटीच असते.

त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या भिंतीवरचे कालनिर्णय मला अधिक उपयोगी पडले, याचे सुरुवातीला मलाही हसू आले. १९७३ पासून ते मराठी घरांत येते आहे, आणि आमच्याकडे त्याच्या चौकोनांत दूध किती घेतले, गॅस कधी लावला, चतुर्थी कोणाची, मावशींच्या दांड्या किती, हे सगळे सासूबाईंच्या बारीक अक्षरात असते. मी कामाच्या तारखा त्यातच लिहू लागले, तेव्हा दोन गोष्टी आपोआप झाल्या. एक म्हणजे घरात सगळ्यांना त्या दिसू लागल्या, त्यामुळे मुदतीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना बोलावणे बंद झाले. दुसरी म्हणजे त्या चौकोनात तिथी, नक्षत्र आणि दुधाचा हिशेब वगळून जी जागा उरते तीत दोनच कामे लिहिता येतात. ॲपमध्ये एका दिवसात मी ११ कामे लिहीत असे, तिथे जागेची कमतरता कधीच नव्हती.

अजून जमलेले नाही असेही आहे. पत्रोत्तरांना मी अजूनही उशीर करते. ज्या दिवशी पाणी उशिरा येते त्या दिवशी सकाळचा पट्टा मोडतो आणि त्याला माझ्याकडे उपाय नाही, त्या दिवशी मी ६०० शब्दांवर समाधान मानते. आणि या महिन्याच्या १७ तारखेला एका पुस्तिकेचा खर्डा द्यायचा म्हणून काल पेन घेऊन गेले, तर चौकोनात आधीच लिहिलेले होते: ‘भिशी आपल्याकडे, १२ जणी’. मी खर्डा १८च्या चौकोनात लिहिला आणि प्रकाशकांना तसे कळवले.